जिन म्हणजे दारू नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्याकडे वणी तालुक्यात 'जिन' म्हणजे कापसाची गाडी रिकामी होते ती जागा. परवा नातवाने इंग्रजी शब्दकोश उघडला, तर जिन म्हणजे दारू! म्हणे, "आबा, तुम्ही हंगामात रोज जिनवर जाता?" सून पदर तोंडाला लावून हसली.

खालीच 'टू जिन' हे क्रियापद सापडलं : सरकीपासून रुई वेगळी करणे, म्हणजे आपलं रेचणे; ते करणारं यंत्र म्हणजे रेचा. दारूची जिन ज्युनिपर झुडपाच्या डच नावावरून आली. कापसाची जिन मात्र 'इंजिन'चं मुंडकं उडवून झालेली. मूळ लॅटिन शब्द 'इंजेनियम', अर्थ उपजत बुद्धी, हिकमत. इंजिनिअर त्याच घरचा. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९४ साली पेटंट घेतलं, तेही या कापसाच्या जिनचंच. इंग्रजी शिकलेल्यांना हे क्रियापद सहसा ठाऊक नसतं; आमचा गाडीवान मात्र 'जिनिंग-प्रेसिंग' सहज बोलतो.

नातवाने पुढे विचारलं, "मग बुद्धी रेच्यात असते की भाव पाडणाऱ्यात?" मी पानाला चुना लावत बसलो.

– एक कापूस उत्पादक, ता. वणी, जि. यवतमाळ