दादा, ती नावं वाचल्याबद्दल आभार

प्रिय दादा,

ऑफिसच्या बसमधून उतरताना तुम्हाला ‘थँक्यू’ म्हणून झालंय, पण त्यानं माझं समाधान झालेलं नाही. मागे लोक ताटकळत असतात, तुमचं लक्ष आरशात असतं, आणि तेवढ्यात बोलून काय होणार? म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव मात्र घालत नाही. घातलं तर उद्या अख्खी बस आपापले पेनड्राइव्ह घेऊन तुमच्यापुढे उभी राहील.

इतर वाचणाऱ्यांसाठी आईच्या संग्रहाबद्दल थोडं सांगते. तुम्हाला तो एव्हाना पाठ झाला असेल. निवृत्त झाल्यावर आईनं घरातल्या कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. डेकची वायर जोडायची, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालू करायचं आणि कॅसेट संपेपर्यंत शेजारी बसायचं. या कामात घाई चालत नाही. 60 मिनिटांची कॅसेट 60 मिनिटंच घेते, 90 ची 90, आणि मध्ये बाजू पालटायला उठावं लागतं ते वेगळंच. त्यातल्या बऱ्याचशा विकतच्या नाहीतच. काही रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या, काही घरगुती बैठकीतल्या. फाइलींना नावं तिनं तिच्या मनानं दिली: ‘बाजू ब, ताना छान’, ‘शेवट कापला गेला’, ‘मामा खोकतो’, ‘मधे पाऊस’. कोण गातंय ते लिहिलेलं असेलच असं नाही. आवाजावरून कळतं की, लिहायचं कशाला, हे तिचं म्हणणं.

हे सगळं पेनड्राइव्हवर भरून गाडीत लावलं आणि गाडीनं त्याचा पार विचका केला. स्क्रीनवर नावांच्या जागी नुसते चौकोन. प्रत्येक फाइल दोनदा दिसायची, त्यातली एक वाजायचीच नाही. आणि क्रम असा की आधी द्रुत, मग कुठलंतरी भलतंच गाणं, आणि बऱ्याच वेळानं त्याच रागातलं विलंबित. आई पुढच्या सीटवरून म्हणाली, “हा माणूस आज उलटा का गातोय?”

मग सुरू झाली जाणकारांची रांग. गाडीची अ‍ॅक्सेसरी लावणाऱ्यानं पेनड्राइव्ह हातातही न घेता सांगितलं की ही सिस्टीम जुनी झाली, मोठी अँड्रॉइडवाली टाका. सर्व्हिसिंगला गाडी दिली तिथल्या माणसानं चौकोन बघून फाइली करप्ट झाल्याचं जाहीर केलं आणि दोनदा दिसणाऱ्या नावांवर ‘व्हायरस’ असा शिक्का मारला. त्याचा उपाय एका शब्दाचा होता: फॉरमॅट. तोही त्यानं इतक्या सहज सुचवला, जणू पायपुसणं झटका म्हणतोय. वर आणखी, 32 जीबीच्या पुढचा पेनड्राइव्ह गाडीला चालतच नाही हेही ऐकवलं. आमच्या नात्यातल्या एका हुशार मुलानं तर विषयच मिटवला: “हल्ली कोण फाइली ठेवतं? ऑनलाइन ऐका ना सगळं.” अरे बाबा, मामाचा खोकला कुठल्या अ‍ॅपवर मिळतो ते सांग, मी आजच पैसे भरते.

तुमच्याकडे मी आले ती केवळ मत्सरापोटी. रोज सकाळी तुमच्या बसमध्ये गाणी ओळीनं वाजतात, एकाचा आवाज कानावर आदळत नाही की दुसऱ्याचा गुडुप होत नाही, स्क्रीनवर नावं नीट दिसतात. मी विचारलं, हे कसं काय? तुम्ही म्हणालात, “ताई, स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांची गाणी मीच भरून देतो. द्या तुमचा.” आणि पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावलंत. ते बटण मी बघितलं होतं.

तुम्ही काय काय केलंत ते सगळं मला सांगता येणार नाही, आणि इथं त्याची कृती लिहून देण्याचा इरादाही नाही. पण तुम्ही जे समजावलंत त्यातलं काही डोक्यात पक्कं बसलंय. चौकोनांबद्दल तुम्ही म्हणालात, “नाव शाबूत आहे ताई. गाडीतल्या टेपला देवनागरी वाचता येत नाही, एवढंच.” फाइलीचं लांब नाव पेनड्राइव्हवर युनिकोडमध्ये साठवलेलं असतं, त्याला मराठी-इंग्रजी सारखंच. गाडीच्या स्क्रीनमध्ये तो फॉन्टच घातलेला नसेल तर ती बिचारी चौकोन काढते. म्हणजे निरक्षर होती स्क्रीन आणि करप्ट ठरल्या आईच्या फाइली!

व्हायरसचंही तसंच. भाच्यानं मॅकवरून कॉपी करून दिलं होतं. पेनड्राइव्हच्या साध्या रचनेत मॅकला आपली जादा माहिती ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून तो प्रत्येक फाइलीमागे ठिपका आणि अंडरस्कोरनं सुरू होणारी एक छोटी फाइल लिहून ठेवतो. कॉम्प्युटर ती लपवतो, गाडी मात्र तिलाही गाणं समजते आणि वाजवायला जाते. तुम्ही त्या सगळ्या काढून टाकल्यात आणि यादी निम्मी झाली.

32 जीबीचा मामला ऐकून मला खरंच हसू आलं. गाड्यांना सहसा मानवतो फॅट32, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायचा, 1996 साली विंडोज 95 च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेला प्रकार. तो साधारण 2 टेराबाइटपर्यंत जाऊ शकतो. पण विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत वर्षानुवर्षं 32 जीबीच्या पुढे तो पर्यायच दिसायचा नाही, आणि मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या नव्या प्रकारात करूनच येतात. लोकांनी त्या खिडकीची अडचण गाडीच्या माथी मारली. तुम्ही तोच 64 चा पेनड्राइव्ह दुसऱ्या सॉफ्टवेअरनं फॅट32 केलात आणि तो मुकाट्यानं नीट वाजायला लागला. फॉरमॅट तुम्हीही केलंतच की! फरक इतकाच, की आधी सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतलंत आणि मला फोनवर त्या दोन्ही फोल्डरांचे आकडे वाचून दाखवलेत.

क्रमाचं कोडं मला सगळ्यात आवडलं. आमच्या गाडीला अ ते ज्ञ कळतच नाही. पेनड्राइव्हच्या यादीत जी फाइल ज्या जागी लिहिली गेली, त्या क्रमानं ती वाजवते. मधली एखादी फाइल पुसली तर तिची जागा मोकळी होते आणि नंतर आलेली भलतीच फाइल तिथे जाऊन बसते. आईनं काही कॅसेटींच्या ‘अ’ बाजू पुन्हा नीट उतरवून नव्यानं टाकल्या होत्या, म्हणून त्या जाऊन बसल्या कुठल्या कुठे. तुम्ही नावांपुढे 01, 02 असे दोन-दोन आकडे लावलेत (नुसते 1, 2 लावले तर 1 नंतर 10 येतो, हेही तेव्हाच कळलं) आणि मग फॅटसॉर्ट नावाच्या सॉफ्टवेअरनं ती आतली यादीच ओळीत आणलीत. आता विलंबित आधी येतं. आईचा गायक सुलटा गातो.

आवाजाचं थोडक्यात सांगते. घरगुती कॅसेटी हळू, विकतच्या मोठ्या. तुम्ही एमपी3गेन नावाच्या सॉफ्टवेअरनं त्या सारख्या केल्यात, तेही फाइल पुन्हा न बनवता. त्यात एकेक पायरी 1.5 डेसिबलची असते आणि केलेला बदल मागे घेता येतो. “मागे घेता येतो” हे तुम्ही मुद्दाम दोनदा म्हणालात.

पण दादा, हे पत्र या सगळ्यासाठी नाही. या गोष्टी आणखी कुणीतरी केल्या असत्या; निदान करू शकला असता. पत्र आहे त्या संध्याकाळच्या फोनसाठी.

ड्यूटी संपवून तुम्ही घरी गेला होतात. मला वाटलं, काहीतरी बिनसलं. तुम्ही विचारलंत: “ताई, ते ‘मधे पाऊस’ लिहिलंय, ते गाण्याचं नाव आहे का रेकॉर्डिंगमध्ये पाऊस आहे?”

मी फोन आईकडे दिला. ती म्हणाली, पाऊसच आहे, पत्र्यावरचा. बैठक चालू असताना आला, कुणीही उठलं नाही. मग तुम्ही तिला ‘मामा खोकतो’बद्दल विचारलंत. ती सांगत बसली. मी स्वयंपाकघरात गेले, काम आटोपून परत आले, तरी तिचं चालूच होतं, कोण कुठे बसलं होतं, तबला कुणाचा होता. तुम्ही मधूनमधून “हं, हं” करत होतात. नंतर कळलं, त्यातलं बरंचसं तुम्ही लिहून घेत होतात.

त्या पेनड्राइव्हला हात लावलेल्यांपैकी आईनं दिलेली नावं वाचली फक्त तुम्ही. बाकीच्यांच्या लेखी तो ‘डेटा’ होता, उडवला तरी चालेल असा. एकानं तर टॅग (फाइलीच्या आत लिहिलेली गाण्याचं नाव, गायक अशी माहिती) आपोआप भरणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सगळं काढा म्हणून सुचवलं होतं. तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “विकतच्या अल्बमना ते छान आहे. घरच्याला नको. त्याला माहीत नसलेलं गाणं तो ओढूनताणून दुसऱ्याच्या नावावर लावायचा.” आणि मग तुम्ही ते केलंत, ज्यासाठी मी आजही शब्द शोधते आहे. स्क्रीनवर दिसावं म्हणून शीर्षक रोमन लिपीत लिहिलंत, पण आईनं लिहिलेलं नाव, जसंच्या तसं, तिच्या ऱ्हस्व-दीर्घासकट, टॅगमधल्या शेऱ्याच्या रकान्यात ठेवलंत. तिथेही जुन्या पद्धतीचा टॅग वापरला नाहीत, कारण त्यात शेऱ्याला जेमतेम 30 बाइट मिळतात आणि यूटीएफ-8 या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून दहा चिन्हांत खेळ खलास, आणि ‘बाजू ब, ताना छान’ हे ‘छान’ म्हणायच्या आतच तुटलं असतं. तुम्ही टॅगची 1999 सालची 2.3 आवृत्ती घेतलीत. तिच्यात मराठी राहतं आणि जुन्या टेपलाही ती कळते. त्याच रकान्यात पुढे कंसात लिहिलंत, ‘पत्र्यावरचा पाऊस, बैठक चालू राहिली.’ गाडीच्या स्क्रीनवर हा रकाना दिसत नाही. कुणालाच दिसत नाही, मुद्दाम उघडल्याशिवाय. तरी तुम्ही तो भरलात.

मी स्वतः हिशेबाच्या कामात आहे. लोकांचे कागद रोज माझ्या टेबलावरून जातात आणि त्यांवर पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं असतं. काम भराभर उरकायचं तर ते न वाचणंच सोयीचं. म्हणून मला कळतं की तुमच्या त्या प्रश्नाला किती वेळ आणि किती धीर लागला असेल. हुशारी आजकाल पुष्कळ मिळते. समोरच्या वस्तूत कुणाचा तरी जीव गुंतलेला असू शकतो, हे गृहीत धरून हात लावणारा माणूस क्वचित भेटतो, आणि तो पाटी लावून बसलेला नसतो. त्या सर्व्हिसिंगवाल्यावर मी फार चिडले होते. आता तितकी चिडत नाही; त्याला दिवसाला किती गाड्या सोडायच्या असतील देव जाणे. पण एकदा नाव वाचायला किती वेळ लागतो हो? ‘मामा खोकतो’ वाचून हसू तरी आलं असतं त्याला.

पावसाचा आवाज साफ करू का, हेही तुम्ही विचारलं होतंत. आई “नको” म्हणाली आणि तुम्ही विषय तिथेच सोडलात. “पण क्लिअर होईल हो काकू” असं एकदाही म्हणाला नाहीत. त्याचे वेगळे आभार.

आता आईचा निरोप. तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात की तुमच्या वडिलांच्या भजनाच्या कॅसेटी घरी पडून आहेत आणि वाजवायला काही नाही. तिचा डेक चालू आहे, हेड नुकताच पुसलाय, पट्टाही नवा घातलाय. कॅसेटी घेऊन या म्हणते. फीत चिकटली असेल तर तुम्ही सोडवायला जाऊ नका, आहे तशी आणा. उतरवायचं काम तिचं. आणि कोण गातंय, कोण टाळ धरतंय, मधे कोण बोलतंय, ते सगळं ती तुम्हाला विचारणार आहे, तेव्हा रविवारी वेळ काढून या.

तुमची,
तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसणारी ताई