प्लास्टर निघालं, पुढचे बूट कुठून आणायचे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

मी जत तालुक्याच्या पूर्व भागातली आशा. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी, असं ४२ व्या दिवसापर्यंत आम्ही जात राहतो. वजन, ताप, अंगावरचं दूध बघतो. दुपटं सोडलं की पावलंही दिसतात. हजारात एखाद्या बाळाचं पाऊल आत वळलेलं असतं, टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात. घरात मात्र पहिला प्रश्न सुनेला: ग्रहणात काय चिरलंस? (तिच्या नवऱ्याला कुणी काही विचारत नाही.) मग तेल लावून चोळणं सुरू, आणि ‘चालायला लागलं की होईल सरळ.’ होत नाही. पोर पावलाच्या कडेवर चालतं आणि तिथं घट्टे पडतात.

यावर उपचार आहे. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी तो अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बसवला. दर आठवड्याला पाऊल हातानं थोडं थोडं वळवायचं आणि बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालायचं. अशी पाच-सहा प्लास्टरं झाली की बहुतेक बाळांची टाचेमागची आखडलेली शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी) जागा बधिर करून बारीक छेदानं मोकळी करतात. मग ३ आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. जन्मतः सांधे ताठर असलेल्या किंवा पाठीच्या कण्यात दोष असलेल्या बाळांना प्लास्टरं जास्त लागतात, काहींना ऑपरेशनही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहेच, त्यामुळे प्लास्टरपर्यंत गाडी कशीबशी पोचते.

अडतं ते पुढं. मधल्या पट्टीला जोडलेले बूट पहिले ३ महिने दिवसातले २३ तास आणि नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालायचे असतात. ते सुटले की पाऊल परत वळतं. बाळ रडतं म्हणून आजी रात्री पट्टे सोडते. टाच नीट टेकली नाही तर फोड येतो, आणि फोड आला की बूट खुंटीला. मी आयांना आधी घोट्यावरचा पट्टा आवळायला लावते, टाच खाली बसली का ते बघते, मग बाकीचे. एवढं सांगणं माझ्या हातात आहे. पाऊल वाढलं की पुढच्या नंबरचा बूट देणं माझ्या हातात नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली, वर एसटीचं भाडं. तिथं गेल्यावर ‘माप नाही, नंतर या.’

आणि दसरा झाला की आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला कराड, वाळव्याकडं निघतात. आई फडात, बाळ खोपीवर. जवळच्या दवाखान्यात गेलं तर ‘प्लास्टर घातलं तिथंच जा’ म्हणतात.

म्हणून मागणी एवढीच. जतला आठवड्यातला एक दिवस प्लास्टरचा ठरवा, माणूस शिकलेला द्या. बुटांची सगळी मापं तालुक्याला ठेवा. बाळाचं उपचाराचं कार्ड सांगली-साताऱ्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालेल असा लेखी आदेश काढा, आणि तो टोळ्या गाव सोडायच्या आत आमच्या हातात द्या.

आपली,
एक आशा स्वयंसेविका, ता. जत, जि. सांगली