अलार्म वाजला की धावणाऱ्यांचे आभार

अंटार्क्टिकात थंडीपेक्षा आगीची धास्ती मोठी. हवा कोरडी, वारा जोराचा, आणि भर हिवाळ्यात बाहेरून मदत येणं जवळपास अशक्य. मैत्री, भारतीसारख्या भारतीय संशोधन स्थानकांवर आपलं नेमलेलं काम सांभाळून आग विझवायला धावणाऱ्यांनो, मनापासून आभार. पाणी वाहतं राहावं म्हणून तुम्ही नोझल (पाइपच्या टोकाची तोटी) पूर्ण बंद करत नाही; पाणी थांबलं की होज, म्हणजे पाण्याचा पाइप, गोठलाच. काम संपताच तो निथळवून गुंडाळता, कारण गोठलेला होज वाकवला की अस्तर तडकतं. श्वसनयंत्राच्या झडपेत उच्छ्वासाची वाफ गोठते, म्हणून मास्क उबेत वाळवून ठेवता. मध्यरात्रीच्या खोट्या अलार्मलाही पूर्ण पोशाखात येता (कुरकुरतात ते बाकीचे!). बर्फानं बुजलेली संकटकालीन दारं फावड्यानं मोकळी करणाऱ्यांचे तर दुप्पट आभार.