घरफोडीची वेळ नोंदवा, मग गस्तीची वेळ ठरेल

प्रति, संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत विश्रामबाग, शंभर फुटी रोड, वानलेसवाडी भागात दोन-तीन बंद घरं फुटली की 'सांगलीत गुन्हेगारीचा दर वाढला' अशी चर्चा सुरू होते. हा दर काढतात लाख लोकसंख्येमागे. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या 5,02,793 होती; त्यानंतर गणना नाही, म्हणजे आज भागाकार अंदाजाने करावा लागतो. आणि 1600 वस्तीच्या एखाद्या कॉलनीत वर्षात एक घर फुटलं तर दर 62.5 होतो, दोन फुटली की 125. दर दुप्पट झाला म्हणून कॉलनी दुपटीने असुरक्षित झाली असं होत नाही. कॉलनीला दर नको, कुठली गल्ली, कुठला वार आणि किती ते किती वाजता, एवढं हवं. गस्तीची गाडी त्यावरच फिरवता येते.

ही माहिती एफआयआरमध्ये असते. त्यात घटना केव्हापासून केव्हापर्यंत घडली, ठाण्यापासून दिशा व अंतर आणि बीट (ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा भाग) क्रमांक असे रकाने असतात. पण घर आठ दिवस बंद असेल आणि मधे कुणी बघितलंच नसेल, तर त्या वेळेच्या रकान्यात आठ दिवस पडतात. अशा फिर्यादीवरून चोर दुपारी आला की पहाटे, हे ठरवता येत नाही. शेजाऱ्याने सकाळी आणि संध्याकाळी गेटवरून कुलूप बघून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'ठीक' एवढंच टाकलं, तरी तीच वेळ आठ दिवसांवरून बारा तासांवर येते. परिसरातल्या चार फिर्यादींत असं झालं तर चोराची सवय दिसू लागते. गावाला जाताना शेजारी किल्ली ठेवण्यापेक्षा हे काम सांगून जाणं जास्त उपयोगाचं आहे.

नोंदच नीट झाली नाही तर मात्र सगळं फुकट. चोरलेला मोबाईल 'गहाळ' म्हणून लिहून घेतला की तो चोरीच्या आकड्यात येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आहे, त्यामुळे सायकल किंवा पाण्याच्या मोटारीची केबल गेली तर एनसी (अदखलपात्र नोंद) होते, एफआयआर नाही. घरात शिरून केलेल्या चोरीला ही रकमेची सूट नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम 305 लागतं आणि घर फोडलं असेल तर सोबत 331. हे फिर्यादीला माहीत असेल तर साध्या अर्जावर बोळवण होत नाही. हद्द कुठली यावर वाद घालायचं कारण नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा घ्यावा लागतो. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत जाऊन सही करायची. फिर्यादीला प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये. नोंद नाकारली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे लेखी मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा, तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

फुटलेलं दार पाहिल्यावर आधी 112 ला फोन करावा आणि आत जाऊ नये. कपाट किती उचकटलंय ते बघायला घरातले चौघे आणि शेजारचे सहा आत शिरतात, मग ठसेतज्ज्ञांना काही मिळत नाही.

आता दार. चोर कुलूप सहसा तोडतच नाही. कटावणीचं टोक कोयंड्याच्या पट्टीखाली घालून जोर दिला की पाऊण इंची स्क्रू लाकडासकट उपटून येतात आणि बंद कुलूप कोयंड्यासह पायरीवर पडतं. महागडं कुलूप घेऊन उपयोग नाही, कारण ते स्क्रूइतकंच मजबूत. स्वस्त फ्लश डोअरच्या आत भरीव लाकूड नसतं, तिथे तर स्क्रूला पकडच नसते. दाराच्या बाजूला आरपार बोल्ट टाकून आतून वायसर आणि नट बसवावेत, चौकटीच्या बाजूला तीन इंची स्क्रू मारावेत. सुताराचं तासाभराचं काम आहे. त्याहून चांगलं म्हणजे दारात बसणारं लॅचचं कुलूप, कारण बाहेर लोंबणारं कुलूप रस्त्यावरूनच सांगतं की घरात कुणी नाही.

सीसीटीव्हीबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. दहा-बारा फुटांवरून खाली बघणारा कॅमेरा टोप्या आणि हेल्मेटच टिपतो. गेटजवळ सात-आठ फुटांवर, येणाऱ्याच्या तोंडाकडे रोखलेला एक तरी हवा. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदी धरली की अनोळखी चेहरा खात्रीने ओळखता येत नाही. चार कॅमेरे प्रत्येकी सेकंदाला दोन मेगाबिटने चालले तर दिवसाला सुमारे 86 जीबी भरतात, म्हणजे एक टीबीची डिस्क जेमतेम अकरा-बारा दिवस पुरते. पंधरा दिवसांच्या सहलीवरून परतल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांचं चित्रीकरण पुसलेलं असतं. चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नये, चोर तोच उचलून नेतो. त्याचं घड्याळ मोबाईलशी महिन्यातून एकदा जुळवावं. आणि स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ देऊन भागत नाही. डीव्हीआरमधून मूळ फाईल पेनड्राइव्हवर घेऊन भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

जिल्हा पोलीस दलाकडे एकच मागणी आहे. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर संकेतस्थळावर टाकावेच लागतात, पण ते ठाणेनिहाय एकेक उघडून वाचावे लागतात. विश्रामबाग, संजयनगर, सांगली शहर आणि मिरजेच्या ठाण्यांनी त्यातूनच दरमहा एक पानाचा तक्ता काढावा: बीट, गल्ली, घटनेची वेळ, दिवसा की रात्री घरफोडी, दार कसं उघडलं, गुन्हा उघडकीस आला की नाही. घरमालकाचं नाव आणि घर क्रमांक त्यात नको. एनसी आणि गहाळ मोबाईलचे आकडे मात्र शेवटी वेगळे द्यावेत. तो तक्ता ठाण्याच्या फलकावर आणि प्रभाग कार्यालयात लागला, तर बंद पडलेले पथदिवे कुठल्या गल्लीत आधी दुरुस्त करायचे हेही महापालिकेला त्यातूनच कळेल.

– एक नागरिक, विश्रामबाग, सांगली