पाम बीच रोडवर आमच्यासाठी थांबलेल्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव आम्हाला माहीत नाही. मी विचारलं होतं, तुम्ही "नंतर गं, आधी हिला बघू दे" म्हणालात आणि मग ते राहूनच गेलं. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरशी बोलताना कानावर पडलं तेवढंच, की तुमची नाइट ड्यूटी नुकती संपली होती, घर ऐरोलीला आणि रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत नेरूळहून गाडी पकडायची होती. एवढ्याच पत्त्यावर हे पत्र लिहितेय. वाचणाऱ्यांपैकी कोणाला वाटलं की अरे या तर आपल्या ओळखीच्या सिस्टर, तर प्लीज त्यांच्यापर्यंत पोचवा.

सगळ्यात आधी, हाफ मॅरेथॉन पळताना रस्त्यात कोसळलेली आमची कळव्याची मैत्रीण, जिच्यासाठी तुम्ही थांबलात, ती बरी आहे. एकदम ठणठणीत. तुम्ही निघताना तिच्या गालाला हात लावून "संध्याकाळपर्यंत बोलायला लागेल बघ" म्हणाला होतात, तर संध्याकाळी खरंच तिने डोळे उघडून माझा मोबाइल मागितला आणि आईला फोन लावून स्वतः बोलली. आईला आम्ही तोवर काही सांगितलंच नव्हतं. रक्तातलं सोडियम 121 आलं होतं. नॉर्मल 135 ते 145 असतं हे तुम्हाला मी काय सांगायचं, पण आम्हाला त्या दिवसापर्यंत सोडियम म्हणजे दहावीच्या सायन्सच्या पुस्तकातलं काहीतरी एवढंच माहीत होतं. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत आणि वाटेत पाणी पाजलं नाहीत हे फार चांगलं केलंत. मी म्हटलं आम्ही नाही, एका सिस्टरनी केलं.

आम्ही चौघी ठाण्याच्या. एक नौपाड्याची, एक कळव्याची, एक कासारवडवलीची आणि मी. पहाटे उपवनला भेटायचं, तलावाला चकरा मारायच्या, दम असेल त्या दिवशी येऊरचा चढ. सगळ्यांनी पस्तिशीनंतर पळायला सुरुवात केलेली, घरचं आवरून, डबे भरून, कोणाची सासू आजारी तर कोणाच्या मुलाची परीक्षा, आणि या सगळ्यातून तो सकाळचा तास आम्ही एकमेकींसाठी जपून ठेवलाय. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला पावसात चिंब होऊन हातात हात घालून फिनिश लाइन ओलांडली होती तेव्हाच ठरलेलं की एकदा तरी वीकेंड चॅलेंज करायचं. म्हणजे शनिवारी सकाळी 5 किलोमीटर, शनिवारी संध्याकाळी 10 किलोमीटर आणि रविवारी पहाटे हाफ मॅरेथॉन, 21.1 किलोमीटर. तिन्ही पूर्ण केल्या की वेगळं मेडल. असे प्रकार बाहेर खूप चालतात, फ्लोरिडात डिस्नेच्या जानेवारीतल्या वीकेंडला तर लोक लागोपाठ चार दिवसांत 5, 10, हाफ आणि वर फुल मॅरेथॉन असं सगळं पळतात. आपल्याकडे नवी मुंबईत तीन शर्यतींचं निघालं तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला होता. सीवूड्सला कासारवडवलीवालीच्या मावसबहिणीचं घर रिकामं होतं, तिथे शुक्रवारी रात्रीच मुक्काम टाकला. लग्नानंतर पहिल्यांदा चौघी एका खोलीत गाद्या टाकून झोपलो, रात्री उशिरापर्यंत गप्पा, शनिवारी दोन शर्यतींच्या मध्ये पाय भिंतीला वर लावून पडलेल्या चौघी, कोणीतरी तेल चोळतंय कोणाच्या तरी पोटऱ्यांना. तो शनिवार इतका छान गेला म्हणूनच रविवारचं जास्त लागलं.

कळव्याच्या मैत्रिणीचा शनिवारचा उपवास असतो. तिने दिवसभर केळी, शहाळं आणि पाणी यावरच काढला. आणि पाणी किती, तर आयोजकांचे मेसेजवर मेसेज, हायड्रेट राहा, तहान लागायची वाट बघू नका, प्रत्येक स्टेशनवर थांबून प्या. ती सांगितलेलं मनापासून पाळणारी मुलगी आहे. रविवारी तिने प्रत्येक टेबलावर दोन दोन ग्लास संपवले, सगळं नुसतं साधं पाणी, कारण इलेक्ट्रॉल म्हणा की लिंबू मीठ म्हणा, ते पुढच्या वेगवान लोकांनी संपवलेलं आणि मागून येणाऱ्यांसाठी ठेवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. आम्ही मागच्या आहोत हे मान्य, पण फी आम्हीही तेवढीच भरलेली असते ना. मागून पळणारा माणूस रस्त्यावर सगळ्यात जास्त वेळ असतो, ऊन त्यालाच लागतं, मदतीची गरज त्यालाच जास्त, आणि टेबलं नेमकी त्याच्याच आधी उचलली जातात. वाशीपासून ती पुढे जिथे पडली त्या जागेपर्यंत बायकांसाठी एकच मोबाइल टॉयलेट दिसलं, त्याला कुलूप. चावी ज्याच्याकडे होती तो फिनिशला गेलेला.

पंधराव्या सोळाव्या किलोमीटरच्या आसपास ती अडखळायला लागली, मग उलटी झाली, मग दुभाजकाच्या कठड्याला टेकून खालीच बसली. पाच मिनिटांत केवढी माणसं जमली. एकाने डोक्यावर बाटली ओतली. मेडिकलचं जॅकेट घातलेला मुलगा आला, त्याच्याकडे दुखण्यावरचा स्प्रे होता, तो त्याने तिच्या पोटऱ्यांवर मारला आणि म्हणाला डिहायड्रेशन आहे, पाणी पाजत राहा. त्या पोराला मी दोष देत नाही, वीस वर्षांचा असेल नसेल, त्याला जे शिकवलं तेच तो बोलत होता. सायकलवरचा मार्शल म्हणाला मागून बस येतेय तिच्यात बसवा. आणि दोघं तिघं मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. फ्लेमिंगो बघायला आलेले आणि बाई पडलेली दिसली म्हणून तिचंही घेतलं. हे मी विसरणार नाही.

आणि मग तुम्ही पलीकडून आलात. खांद्याला डब्याची पिशवी, रात्रभरच्या जागरणाने डोळे लाल. "सरका, मी नर्स आहे" एवढंच. खाली रस्त्यावर मांडी घातलीत. तिच्या मानेला हात लावलात, कपाळाला लावलात, म्हणालात अंग तापलेलं नाही. मग तिचा हात हातात घेऊन बोटं बघितलीत. आम्ही तिच्याबरोबर पहाटेपासून होतो, ती बोटं आमच्या कोणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. सुजून टम्म झालेली, लग्नाची अंगठी मांसात रुतलेली आणि घड्याळाच्या पट्ट्याचा मनगटावर खोल वळ. "ही अंगठी रोज अशीच घट्ट असते का गं?" मी म्हटलं नाही, रोज सैल असते, भांडी घासताना पडते म्हणून ती काढून ठेवते. "सकाळपासून किती पाणी प्यायली? लघवीला गेली होती?" मग तिला विचारलंत, "बाय, आत्ता कुठे आहेस तू?" आणि ती म्हणाली "उपवनला." तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तुमचा चेहरा मात्र तसाच. त्या मुलाच्या हातातली बाटली बाजूला केलीत आणि म्हणालात, हिला आता पाणी नको, एक घोटसुद्धा नको, कुशीवर करा आणि अँब्युलन्स बोलवा, बस नको. तो म्हणाला मॅडम आमच्या सरांनी पाणी द्यायला सांगितलंय. तर तुम्ही आवाज जराही न चढवता म्हणालात, "सरांना इथे बोलव, मी त्यांना समजावते. तोवर नाही." पिशवीतून व्हॅसलीनची डबी काढलीत, हळूहळू फिरवत फिरवत ती अंगठी काढलीत आणि माझ्या मुठीत घालून मूठ बंद केलीत.

पण हे पत्र खरं त्याच्यानंतरच्या गोष्टीसाठी आहे. तिला विचारूनच लिहितेय, ती म्हणाली लिही, नक्की लिही.

तिची पाळी शनिवारी रात्री आली होती, दोन दिवस आधी. वाटेत बदलायला जागाच नव्हती, त्या कुलपाचं सांगितलंच. फिकट राखाडी शॉर्ट्स. तिला कुशीवर केलं तेव्हा ते दिसलं. मला दिसलं, तुम्हाला दिसलं, आणि अजून एका क्षणात त्या मोबाइलवाल्यांनाही दिसलं असतं. मी नुसती गोठल्यासारखी उभी होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत, माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाही. गळ्यातली ओढणी एका हाताने काढलीत, दुसरा हात तिच्या डोक्याखाली तसाच ठेवून, आणि ती तिच्या कमरेभोवती घेतलीत, खालून सरकवलीत, पुढून घट्ट गाठ मारलीत. गाठ पोटावर टोचू नये म्हणून बाजूला घेतलीत. मग मान वर करून त्या मोबाइलवाल्यांना म्हणालात, "दादा, तुमच्या घरची असती तर?" ते गेले. सगळेच गेले. आणि तुम्ही तशाच, नुसत्या ड्रेसवर, भर रस्त्यात, अँब्युलन्स येईपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलात, आणि नंतर तशाच आमच्याबरोबर गाडीत चढलात. कॅज्युअल्टीत डॉक्टरांना "हिचं सोडियम आधी बघा, साधं सलाइन घाईने लावू नका" हे सांगूनच तुम्ही निघालात. मेगाब्लॉक तोवर सुरू झालेला. कशा गेलात घरी?

नंतर मी बरंच वाचलं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या 488 जणांचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. जास्त करून ते, ज्यांचं वजन पळताना उलट वाढलं होतं, आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले होते. म्हणजे हळू पळणारे, वाटेत थांबून थांबून पाणी पिणारे, आमच्यासारखे. घामातून मीठ गेलेलं, वरून नुसतं पाणी, रक्त पातळ होतं, ते पाणी पेशींमध्ये शिरतं आणि मेंदूला सूज येते. दिसायला अगदी डिहायड्रेशनसारखंच, उलटी, चक्कर, थकवा, आणि लोक अजून पाणी पाजतात. जगाला हे इतकी वर्षं माहीत आहे आणि आपल्याकडे अजून तोच मेसेज, तहान लागायची वाट बघू नका. आयोजकांना आम्ही चौघींनी मिळून सविस्तर लिहिलं, मागच्या लोकांसाठी मीठ साखरेचं पाणी राखून ठेवा, वजनाचा काटा ठेवा, टॉयलेटच्या दाराशी माणूस ठेवा, बायका व्हॉलंटियर ठेवा. उत्तर आलं, तुमच्या फीडबॅकबद्दल धन्यवाद, पुढच्या वर्षीच्या नोंदणीवर सवलत. त्या उत्तरात तिची तब्येत कशी आहे हे विचारणारी एक ओळ नव्हती. राग येतो सिस्टर, अजून येतो.

पण रागापेक्षा जास्त वेळा तुमची आठवण येते. माझी आई 2005 च्या 26 जुलैला कुर्ल्याहून रुळांवरून चालत निघाली होती, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला तो दिवस. वाटेत कोणा अनोळखी बाईने तिला घरात घेतलं, कोरडी साडी दिली आणि रात्रभर स्वतःच्या मुलीशेजारी झोपवलं. आई आजही ती साडी नेसली की त्या बाईचं नाव काढते, नाव म्हणजे काय, "ती माउली" एवढंच, कारण तिलाही नाव विचारायचं राहिलं होतं. तेव्हा ऐकताना मला वाटायचं आई जरा वाढवून सांगते. आता कळतं की तिने कमीच सांगितलं. आपल्याकडे अशी माणसं आहेत, सगळीकडे आहेत, ड्यूटी संपलेली असते, डोळ्यात झोप असते, गाडी चुकणार असते आणि तरी ती थांबतात. तुम्हाला त्या दिवशी कोणी थँक यू म्हटलं नाही, आमच्या लक्षातच आलं नाही त्या धावपळीत. म्हणून आता सगळ्यांसमोर म्हणते. थँक यू सिस्टर. तिच्या आईकडून, तिच्या नवऱ्याकडून, तिच्या दोन मुलांकडून आणि आम्हा तिघींकडून.

तुमची ओढणी तिच्याकडे आहे. हिरवी, बांधणीची, एका टोकाचा पिको सुटलेला. तिने स्वतःच्या हाताने गार पाण्यात धुतली, डाग पूर्ण गेलाय, पिको मात्र करून घेतला नाही, म्हणाली दोरा मॅच झाला नाही तर त्यांना आवडणार नाही, त्यांना विचारूनच करू.

रविवारी सकाळी आम्ही उपवनलाच असतो, तलावाच्या पायऱ्यांपाशी. ती अजून पळत नाही, डॉक्टरांनी थोडं थांबायला सांगितलंय, पण चालायला येते. तुम्ही या, नंतर मामलेदारला मिसळ खाऊ, तुम्हाला तिखट चालत असेल तर, नाहीतर दुसरीकडे कुठेतरी बसू. आणि नाइट ड्यूटी असेल तर तुम्ही कशाला दगदग करताय, ऐरोली आम्हाला कितीशी लांब, आम्हीच येतो. तुमची सुट्टी कधी असते तेवढं फक्त कळवा.