माझ्या नावापुढचा अंगठा कोणाचा?

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गावच्या पाणी समितीत माझे नाव आणि त्यापुढे परका अंगठा

महोदय,

सविनय नमस्कार. पाणीपुरवठ्याचे खाते वेगळे आहे, हे मला ठाऊक आहे. पण ग्रामपंचायत आपल्याकडे आहे आणि जे घडले ते ग्रामपंचायतीच्या कपाटात घडले, म्हणून आपल्याला लिहिते.

गेल्या सोमवारी सासूबाईंच्या रहिवासी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेले होते. टेबलावर जलजीवन मिशनची, म्हणजे घरोघरी नळ देण्याच्या योजनेची, फाईल उघडी होती. शिपाई बाहेर गेला तेवढ्यात मी वाचू लागले. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, सदस्यांची यादी, सातव्या क्रमांकावर माझे नाव. चार वर्षांत नऊ बैठका झालेल्या. नऊही बैठकांना मी हजर. आणि प्रत्येक वेळी माझ्या नावापुढे अंगठा.

मी 1987 साली दहावी पास झाले. बचत गटाचा हिशेब बारा वर्षे माझ्या हाताने लिहिते आहे. वडिलांनी मुलींना शाळेत घातले म्हणून भावकीने त्यांना नावे ठेवली होती. त्यांच्या मुलीला सरकारी कागदावर अंगठेबहाद्दर केले. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

नियम चांगला आहे, म्हणूनच जास्त लागते. या समितीत निम्म्या बायका असाव्यात असे लिहिलेले आहे. गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचे, त्यांच्या हातात किट द्यायचे, असेही आहे. त्या पाचजणींतही माझे नाव निघाले. किट मी आजवर डोळ्यांनी पाहिलेले नाही.

गावाच्या वरच्या अंगाला टाकी उभी आहे. घरोघरी नळाची तोटी आहे. माणशी दिवसाला 55 लिटर पाणी मिळणार होते. आमच्या योजनेची उद्भव विहीर, म्हणजे जिथून टाकीत पाणी घ्यायचे ती, नाल्याच्या काठाला खोदली. तिथले पाणी शिमग्याच्या आधी आटते, हे त्या बाजूला कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईने सांगितले असते. नऊ बैठकांपैकी एका बैठकीला जरी आम्हाला खरोखर बोलावले असते, तर ती विहीर शंभर टक्के दुसरीकडे झाली असती. आता टाकी कोरडी आहे, आणि योजना पूर्ण झाल्याच्या कागदावर माझा तो अंगठा आहे.

मार्चमध्ये टँकर रात्री साडेदहाला आला. टँकर आमच्याकडे विहिरीत ओततात आणि मग अख्खे गाव ते पाणी दोराने उपसते. मला ताप होता, म्हणून सासूबाई गेल्या. वय त्र्याहत्तर. ओल्या दगडावरून पाय सरकला आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशनला 1 लाख 40 हजार रुपये गेले. माझ्या पाटल्या गहाण आहेत. सासूबाई आता पडून असतात आणि अंथरुणातूनच विचारतात, ‘आज टँकर आला का गं?’ त्या रात्री मी गेले असते तर, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

आमचीही चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी मोसंबी वाचवायला आम्ही 620 फूट बोअर घेतला. नुसता फुफाटा निघाला. महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा आहे. 60 मीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम 200 फुटांपेक्षा खोल बोअरला लगाम घालायची तरतूद त्यात आहे. आमच्या काळ्या पाषाणात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असते. खाली जावे तसा खडक घट्ट होत जातो. हे मला कर्ज झाल्यावर कळले. बोअरची गाडी दिवसाढवळ्या गावातून आली, दोन दिवस धडधडत राहिली, कुणी एक कागद विचारला नाही. शेजाऱ्याने 700 फूट घेतला, त्यालाही कुणी विचारले नाही. गावचे पाणी खाली जात असताना बघायचे काम कुणाचे होते?

समितीचे, असे उत्तर मिळेल. समित्या भरपूर आहेत, महोदय. पाण्याची, आरोग्य-पोषणाची, तंटामुक्तीची, शाळा व्यवस्थापनाची, ग्रामविकासाची. 2002 च्या कायद्याने जैवविविधतेची. त्या कायद्याप्रमाणे गावातली झाडे, बियाणे, रानभाज्या यांची नोंदवही गावानेच करायची असते. वर्षानुवर्षे ती झाली नाही. मग पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, पुढे राज्याला महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड ठेवला, तेव्हा धावपळ सुरू झाली. आमच्या गावची वहीही तयार आहे म्हणतात. तांदुळजा, पाथरी, चिवळ, घोळ, तरोटा कुठल्या बांधाला कधी येतो हे सांगणारी आमच्या आळीत एकच बाई, आमच्या सासूबाई. त्यांना विचारायला कुणी आले नाही.

मग अभियाने येतात. 2 ऑक्टोबर 2020 ला माझी वसुंधरा आले. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश, प्रत्येकाला गुण. 17 सप्टेंबर 2025 ला समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झाले. मी त्यांच्या विरोधात नाही. त्या निमित्ताने आमच्याकडे झाडे लागली, त्यातली काही जगलीही. पण गुण मिळतात ते फायलीला. फाईल नीट असेल तर गाव शाश्वत ठरते, आणि फाईल नीट करायला माझा अंगठा लागतो.

आपल्याच राज्यात वेगळे करून दाखवलेले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि पाणी कमी असेल तर यंदा कोणते पीक नको हे गाव ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही ही बंदी त्या गावाने स्वतःवर घातली. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. ग्रामसभेच्या आधी अभ्यासगट बसतो आणि लोक विषय समजून घेतात. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. आपल्याच जंगलातला बांबू विकायचा वाहतूक परवाना हातात यायला मात्र त्यांना एप्रिल 2011 उजाडावे लागले. चांगल्या गावालाही सरकारशी एवढे झगडावे लागत असेल, तर आमच्यासारख्या गावाने कुणाच्या जिवावर उभे राहावे?

पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली. अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत आणि पिण्याचे पाणी त्यात आहे. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. विषय आमच्या नावावर, अधिकार वर. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, तरी आमच्या हाती अभियंता नाही, भूजलाचा जाणकार नाही. 2024 साली ग्रामसेवकाचे पद ग्रामपंचायत अधिकारी झाले. आमच्याकडे पाटी बदलली. माणूस एकच आणि त्याच्या गळ्यात गावे तीन. त्या बिचाऱ्याने समितीची खरी बैठक घ्यायची कधी? घटनेत पाच वर्षांची मुदत लिहिलेली असताना, मार्च 2022 मध्ये मुदत संपलेल्या जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिले. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. तेवढ्या काळात मी दाद मागायला जायचे कुणाकडे? जिल्हा परिषदेच्या आमच्या गटाला निवडून दिलेला सदस्यच नव्हता.

म्हणून मागते. नवी समिती काढू नका. आहेत त्यांतल्या पाणी, जमीन आणि रान या विषयांच्या समित्या एकत्र करा, तिचे सदस्य ग्रामसभेत हात वर करून निवडू द्या, आणि बोअरला ना-हरकत देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार तिला खरोखर द्या. दहा-बारा गावांना मिळून पाण्याचा एक जाणकार नेमा, तो गावाला उत्तर देईल असा. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेने मंजूर केल्याशिवाय कुठल्याही पाणी योजनेचा उद्भव ठरवू नका. बैठकीच्या नोंदी चावडीवर लावा, म्हणजे कोण हजर होते हे गावच सांगेल. आणि आमच्या समितीची ती वही 1 मे च्या ग्रामसभेत लोकांसमोर ठेवण्याचा आदेश द्या. तो अंगठा कोणाचा, हे मला माझ्या गावासमोर विचारायचे आहे.

हे सगळे व्हायला वेळ लागेल, मला समजते. एक गोष्ट मात्र उद्या सकाळी होण्यासारखी आहे. टँकर रात्री विहिरीत ओतू नका. टाकी बांधलेली आहे, ती दिवसा भरा आणि नळाने सोडा. विहिरीच्या काठाचा दगड अजून ओलाच आहे.

कळावे,

आपली,
एक शेतकरी महिला
सदस्य क्रमांक 7, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती