सगळ्या महाराष्ट्राची माती काळी नाही

मा. संपादक,

परवाच्या अंकातला आम्ल पावसावरचा लेख रात्री वाचला, सकाळी परत वाचला आणि राहवेना म्हणून लिहायला बसलोय. ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे 'पीएच ५ आणि ६ मध्ये फारसा फरक नसतो' हे वाक्य छापलेलं बघून गप्प बसवत नाही. फरक दहापट असतो हो. पीएच हा आंबटपणा मोजायचा आकडा, सात म्हणजे ना आम्ल ना अल्कली. तो एकाने उतरला की आम्ल दहापट वाढतं, दोनाने उतरला की शंभरपट. स्वच्छ पावसाचा पीएचसुद्धा ५.६ च्या आसपास असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, म्हणजे सगळा वाद त्या एखाद्या आकड्याच्या फरकाचाच आहे आणि तुम्ही तोच 'फारसा नाही' म्हणून सोडून दिलात.

खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. लेखक म्हणतात आपल्या जमिनीत चुना भरपूर, पावसातलं आम्ल माती सहज पचवते, शेतकऱ्यांनी काळजी करू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीपुरतं हे मला मान्य आहे, तिथे चुनखडीचे खडे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पण आमची कोकणातली जमीन जांभ्याची. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कधीच धुऊन नेलंय, मागे उरलंय ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. अशा जमिनीत पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकंच जळतात, घातलेलं सुपर फॉस्फेट लोखंड-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं ते झाडाला मिळतच नाही. कोकणात आम्ल पाऊस पडतोच असं मी म्हणत नाहीये, आमची जमीन मुळातच आंबट आहे आणि वरून अमोनियम सल्फेट, युरिया टाकून आपणच ती आणखी आंबट करतो. म्हणून तर म्हणतोय की जिच्यात पचवायची ताकदच उरलेली नाही तिला 'काळजी करू नका' सांगू नका.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. चार वर्षांपूर्वी माती तपासायला दिली होती. शेतात पाच ठिकाणी खड्डे घेतले, वीतभर खोलीची माती काढली, घमेल्यात मिसळून चार भाग करून अर्धा किलो ठेवली, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. दीड महिन्याने मृदा आरोग्य पत्रिका आली, पीएच ७.८. जांभ्याच्या जमिनीत ७.८! वाडीतल्या आणखी तिघांच्या पत्रिका मागवून घेतल्या, एकाचं शेत सड्यावर (कातळाच्या माळावर), एकाचं पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला, एकाची भाटी (नदीकाठची गाळाची जमीन), आणि चौघांनाही ७.८. बाकीचे आकडेसुद्धा तेच. मग माझ्या जुन्या शाळेतला पीएच मीटर आणला, २० ग्रॅम माती ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून ठेवली, मोजलं तर ५.१. पत्रिका घेऊन गेलो तर काउंटरवर उत्तर मिळालं की प्रिंट झाल्यावर बदलता येत नाही.

पण पत्रिका यायच्या आधीच्या हंगामात जे झालं ते जास्त लागलंय मनाला. वरच्या दळ्यात भुईमूग केला होता. पाला हिरवागार, शेंगाही भरपूर लागलेल्या, घरातली सगळी काढायला बसलो आणि एकेक शेंग फोडतोय तर आत दाणाच नाही, टरफल तेवढं, दहातल्या सहा-सात पोचट. कॅल्शियम कमी पडलं की असंच होतं. वेल उपटून बघितला तर मुळं आखूड, जाड, टोकाला तपकिरी, तंतुमुळं जवळजवळ नाहीतच. आमची आई चुलीतली राख परड्यात टाकायची, राब भाजल्यावर त्याची राख मातीत मिसळायची, तिला पीएच माहीत नव्हता पण जमिनीचा आंबटपणा राखेने मरतो हे हाताला माहीत होतं. आता घरात गॅस आहे, राख नाही, आणि पत्रिकेवर ७.८ वाचून शेजारच्या दोघांनी चुना टाकायचा विचारच सोडून दिला. त्या पत्रिकेत तपासतात ते बारा घटक, त्यात कॅल्शियम नाही आणि ॲल्युमिनियमही नाही.

तब्येतीबद्दलही लेख उलटाच आहे. आम्ल पावसाने अंगाची कातडी भाजते असं चित्र काढलंय. साडेचार पीएचचा पाऊस ताकाइतका आंबट असतो, त्यात भिजून कोणाला काही होत नाही. त्रास होतो तो पावसाआधी, धुराड्यातला सल्फर डायऑक्साइड हवेतच बारीक सल्फेटचे कण बनून छातीत जातो तेव्हा. सरकारने २०१५ साली औष्णिक वीज केंद्रांना तो गाळायची यंत्रं बसवायला दोन वर्षं दिली, मग मुदत वाढवत वाढवत जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच दिली. डहाणूला चिकूच्या बागांसाठी लोक कोर्टात गेले म्हणून तिथे हे यंत्र २००७ मध्ये बसलं, म्हणजे करता येतं. लेखात याचा एक शब्द नाही.

हवामान खात्याची पावसाचं रसायन कायम तपासणारी देशात मोजकीच केंद्रं आहेत, त्यात महाराष्ट्रातली पुणे आणि नागपूर, दोन्ही घाटावर, कोकणात एकही नाही. मग पूर्ण महाराष्ट्राला धोका नाही हे कशावरून ठरवलंत? पीएचची चूक दुरुस्त करून त्याच पानावर, त्याच आकारात छापा.

आणि एक, सोमवारचं कोकणाचं शेतीचं पान तुम्ही बंद केलंत, तिथे आता फ्लॅटच्या जाहिराती असतात. गुंठ्याला चुना किती टाकायचा हे आमच्या वाडीने त्याच पानावरून शिकलं होतं. ते पान परत सुरू करा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. संगमेश्वर